केलांतानचे बाटिक : रोजच्या नेसणीतले वैभव

मलाय द्वीपकल्पाच्या ईशान्य किनाऱ्यावर, थायलंडच्या सीमेला लागून, मलेशियाचे केलांतान हे राज्य वसले आहे. कोटा भारू ही त्याची राजधानी. या शहरातील मुख्य बाजार ‘पासार सिती खदिजा’ या नावाने ओळखला जातो. प्रेषित महंमदांच्या पत्नी खदिजा स्वतः व्यापार करीत असत. त्यांचे नाव या बाजाराला शोभते, कारण येथील बहुतेक दुकाने स्त्रियाच चालवितात. अष्टकोनी इमारतीच्या तळमजल्यावर भाजीपाला, फळे आणि मसाल्यांचे ढीग असतात; वरच्या मजल्यावर कापडाच्या घड्या छतापर्यंत रचलेल्या दिसतात. प्रवासी बाटिक पाहण्यासाठी थेट वर जातो. त्याने आधी खाली थोडे थांबावे. पालेभाजीच्या जुड्यांमध्ये मांडी घालून बसलेली, हिशेबात गढलेली विक्रेती जे वस्त्र नेसलेली असते, तेच बाटिक होय. आणि त्याचे खरे घर तेच आहे.

या वस्त्राला मलाय भाषेत ‘काइन बाटिक’ म्हणतात. काइन म्हणजे कापड. सुमारे दोन मीटर लांबीच्या सुती कापडाची दोन्ही टोके जोडून शिवली की ‘सारुंग’ तयार होते. स्त्रिया त्यात उभ्या राहून कापड एका बाजूस ओढतात, उरलेला भाग अंगावर दुमडतात आणि कमरेशी खोचतात. गाठ नाही, नाडी नाही. आपल्या लुगड्याला जसा पदर, तसा या कापडालाही एक वेगळ्या नक्षीचा उभा पट्टा असतो. त्याला ‘कपाला’, म्हणजे डोके, असे नाव आहे; उरलेला भाग ‘बादान’, म्हणजे अंग. पट्टा कोठे यावा याकडे नेसणारीचे लक्ष असते.

पुरुष घरी चौकड्यांची सुती लुंगी नेसतात. तिचे नाव ‘काइन पलिकात’. हे नाव चेन्नईच्या उत्तरेस असलेल्या पुलिकत या जुन्या बंदरावरून पडले. समारंभात मात्र लांब बाह्यांचा बाटिक सदरा पुरुषांनाही चालतो. कोट आणि टाय यांच्या जागी तो प्रतिष्ठित पोशाख मानला जातो.

तथापि समारंभापेक्षा घरातच या वस्त्राचे मोल अधिक कळते. बाळंतीण विश्रांतीच्या दिवसांत मऊ झालेले जुने सारुंग नेसते. त्याच कापडाची झोळी टांगून बाळाला झोके देतात. विहिरीवर वा नदीवर स्नान करताना स्त्रिया ते छातीवर बांधतात. रात्री तेच पांघरूण होते. फार विरले की त्याची फडकी होतात. आणि घरात कोणी निवर्तले, तर पांढरे कफन चढेपर्यंत देहावर बाटिकच पांघरतात; त्यासाठी न शिवलेले चांगले कापड अनेक घरांत जपून ठेवलेले असते. जन्मापासून अखेरपर्यंत इतकी साथ देणारे वस्त्र कोणत्याही समाजात विरळाच.

हे कापड घडते कसे, तेही पाहण्यासारखे आहे. राळ आणि मेण यांचे मिश्रण तापवून त्यात धातूच्या पट्ट्यांचा ठसा बुडवितात आणि कापडावर उमटवितात. जेथे मेण बसले तेथे रंग चढत नाही. कापड रंगात बुडवून, पुन्हा मेण लावून, पुन्हा रंगवून शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढून टाकले की नक्षी उघडी होते. दुसरी पद्धत हाताने रेखाटण्याची. ‘चांतिंग’ या बारीक तोटीच्या लेखणीतून वितळलेले मेण सोडीत कारागीर चौकटीवर ताणलेल्या कापडावर वेलबुट्टी काढतो आणि मेणाच्या रेषांमधील जागा कुंचल्याने रंगवितो. हात क्षणभर थांबला तर मेणाचा थेंब पडतो. तो सहसा पुसता येत नाही.

मेणाने रंग अडविण्याची ही कला आपल्याला परकी नाही. कच्छमधील मुंद्रा आणि उज्जैनजवळील भेरूगढ येथे ती आजही चालते. मात्र मलाय नक्षीचा स्वभाव निराळा आहे. इस्लामी परंपरेमुळे तिच्यात प्राण्यांच्या व माणसांच्या आकृती क्वचितच आढळतात. पाने, फुले, वेली आणि बांबूच्या कोंबासारखे त्रिकोण यांनी ती भरलेली असते. मलेशियाचे राष्ट्रीय फूल जास्वंद, तेही वारंवार दिसते. या कलेवर शेजारच्या जावा बेटाचा मोठा प्रभाव पडला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केलांतान आणि तेरेंगानू येथे ठसेकाम रुजले.

या कापडाच्या कहाणीत भारतीय व्यापाऱ्यांचाही वाटा आहे. पंधराव्या शतकात मलाक्का हे पूर्वेकडील मोठे बंदर होते. तेथे परदेशी व्यापाऱ्यांसाठी चार बंदर-अधिकारी नेमलेले असत आणि त्यांपैकी एक केवळ गुजराती व्यापाऱ्यांसाठी होता. खंबायतहून निघालेली जहाजे सुती कापड आणि पाटणची पटोळी घेऊन जात, परतताना लवंग, जायफळ आणि जायपत्री आणीत. पटोळ्याची नक्षी पुढे जावातील बाटिकमध्ये उतरली. १५११ मध्ये पोर्तुगीजांनी मलाक्का घेतले, त्यानंतर लगेचच तेथे राहिलेल्या तोमे पिरेश या पोर्तुगीजाने खंबायत आणि मलाक्का यांचे परस्परावलंबन आवर्जून नोंदविले आहे.

आज या कापडापुढे एक कठीण प्रश्न उभा आहे. जाळीच्या चौकटीतून रंग ओढून छापलेले, मेणाचा स्पर्शही न झालेले कापड झपाट्याने तयार होते आणि पुष्कळ स्वस्त पडते. रोजच्या वापराला ते उपयोगी आहे, आणि भाजी विकणाऱ्या बाईने ते घेतले तर तिला दोष देता येणार नाही. अडचण नावाची आहे. छापील मालही ‘बाटिक’ म्हणूनच विकला जातो, आणि मग मेणाच्या कापडाचा भाव ग्राहकाला अवाजवी वाटू लागतो. मलेशियाच्या शासनाने सरकारी कर्मचाऱ्यांना गुरुवारी बाटिक परिधान करण्यास सांगितले. माजी पंतप्रधान अब्दुल्ला बदावी यांच्या पत्नी एंडोन महमूद यांनी २००५ मध्ये निधन होईपर्यंत या कलेसाठी मोठी चळवळ चालविली. शेजारच्या इंडोनेशियाचे बाटिक २००९ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत गेले. या सर्वांनी मान वाढला. परंतु कारागिराची चूल पेटते ती दुकानातील प्रत्येक सौद्यावर.

म्हणून तेथे जाणाऱ्या आपल्या वाचकांनी, विशेषतः कापडाच्या पेढीवर बसणाऱ्यांनी, घडी उलटून पाहावी. रंगात बुडविलेल्या मेणाच्या कापडाच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात. छापलेल्याची उलट बाजू फिकी असते. ठशांच्या सांध्यांत किंचित चूक, कोठे मेणाला तडा जाऊन झिरपलेली केसासारखी रेषा, ही हाताची खूण समजावी. मग विक्रेतीला सरळ विचारावे : हे मेणाचे की छापाचे? जी ‘छापाचे आहे’ असे आपण होऊन सांगते आणि त्याचा तसाच भाव लावते, तिच्याकडून दोन्ही प्रकारचा माल निश्चिंत मनाने घ्यावा. आपल्या पेढ्यांची पतही अशाच उत्तरांवर उभी राहिली आहे. स्वस्त मालाला बाजारात जागा असावीच. फक्त त्याने दुसऱ्याचे नाव घेऊन बसू नये. तेवढे जरी पाळले गेले, तरी केलांतानच्या कारागिराच्या भट्टीवरील मेण तापत राहील.