महेश्वरची वाट आणि जुनी गाडी

इंदूरहून महेश्वरास जावयाचे म्हणजे महू मागे टाकल्यावर मानपूरचा घाट लागतो. माळव्याचे पठार तेथे संपते आणि रस्ता वळणे घेत निमाडात उतरतो. हवा बदलते, मातीचा रंग बदलतो, आणि नर्मदा जवळ आल्याची चाहूल लागते.

वाचकहो, हा प्रवास आम्ही ज्या गाडीने केला तिचे कूळ तुमच्या परिचयाचे असेल. १९८४ साली प्रथम रस्त्यावर आलेली, पुढील बैठकीखाली तीन सिलिंडरांचे इंजिन असलेली ती मारुती व्हॅन. आमची गाडी वडिलांनी घेतलेली. ते गेल्यावर तिची मोठी दुरुस्ती करविली. पण लिटरमागे १५ किलोमीटर जाणारी ती गाडी ११ वर आली. इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने थोडी घट होते हे खरे. परंतु २० टक्के मिश्रणात उष्मा सहा-सात टक्क्यांनीच कमी असतो. तेवढ्याने १५ चे १४ होतील, ११ होणार नाहीत. अखेर गाडी मोडीत काढावयाचे घरात ठरत आले. आईने एवढेच म्हटले, "त्याआधी तिच्यातून एकदा महेश्वरला नेऊन आणा."

निघताना टाकी काठोकाठ भरली, मैलमापकावरील आकडा टिपून घेतला आणि चाकांतील हवा तपासली. घाट उतरून गुजरीस थांबलो. चारही चाके तापलेली होती. उतारावर ब्रेक वापरल्यावर ती तापावयाचीच. त्यावरून काही निष्कर्ष काढणे चुकीचे ठरले असते. पुढे धामणोदवरून सपाट रस्त्याने, ब्रेकला फारसा पाय न लावता महेश्वरास पोहोचलो. आता मात्र मागील डाव्या चाकाजवळ हात नेताच धग लागली. बाकीची तीन निवालेली होती.

गावातील एका वयोवृद्ध मिस्त्रींनी पुढील चाकांना दगड लावले, हँडब्रेक सोडला आणि ते चाक जॅकवर उचलून हाताने फिरविले. ते अर्धा फेराही फिरेना. दुरुस्तीत ब्रेकचे नवे लायनर बसविताना हँडब्रेकची तार प्रमाणाबाहेर ताणली गेली होती. म्हणजे गाडी इतके दिवस स्वतःलाच मागे ओढीत चालली होती! मग त्यांनी प्लग काढून दाखविला. तो तांबूस असावयाचा, तर काजळीने काळा झालेला. चोकची तारही आखूड बसली होती, त्यामुळे कार्बोरेटरची झडप पुरती उघडत नव्हती आणि पेट्रोल वाजवीपेक्षा जास्त जात होते. दोन्ही तारा सैल करून ते आईला म्हणाले, "मांजी, गाडी म्हातारी नाही झाली. तिला घट्ट बांधून ठेवली होती."

मग आम्ही निवांतपणे घाटावर गेलो. अहिल्याबाई होळकरांनी हे गाव आपली राजधानी केले आणि १७९५ मध्ये निधन होईपर्यंत येथूनच राज्य चालविले. किल्ल्यातील त्यांचा वाडा पाहताना त्याचा साधेपणाच मनात भरतो. खाली नदीपर्यंत उतरलेल्या दगडी पायऱ्या, आणि जवळच हातमागांचा खटखट नाद. आईने नर्मदेची ओटी भरली, आणि पायरीवर बसून ती बराच वेळ वडिलांविषयी बोलत राहिली.

परतताना तोच घाट चढावा लागला. केवळ उताराचा हिशेब धरला असता तर तो फसवा ठरला असता. म्हणून इंदुरास येऊन त्याच पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरली आणि जाण्यायेण्याचे एकूण अंतर भरलेल्या पेट्रोलाने भागले. लिटरमागे १४ किलोमीटर!

तुमच्याही दारी अशी एखादी जुनी गाडी असेल. दुरुस्तीनंतर तिची भूक वाढली तर वयाला दोष देण्यापूर्वी चाकाला हात लावून पाहा, प्लगचा रंग पाहा, नुकतेच काय उघडले नि काय बसविले ते आठवा. आमची गाडी आजही दारात उभी आहे. आईने पुढच्या प्रवासासाठी मांडूचे नाव काढले आहे.