गळ्यात पट्टा

पुणेकराच्या डोक्यावर हेल्मेट चढवणं हे गडावर तोफ चढवण्याइतकंच अवघड काम आहे. मान अवघडते, हॉर्न ऐकू येत नाही, केस जातात (बहुधा ते आधीच गेलेले असतात!) अशी कारणं आमच्याकडे तोंडपाठ असतात. २०१९ च्या जानेवारीत पोलिसांनी सक्ती केली, तेव्हा तर विरोधाला रीतसर कृती समिती होती.

आता त्याच पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला, जुन्नर-आंबेगावकडे बघा. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्या आला. उसात जन्मलेल्या पिल्लाला तेच जंगल. उभ्या माणसाच्या वाटेला बिबट्या सहसा जात नाही. पण खुरपायला बसलेली बाई त्याला बकरीएवढीच दिसते. झडप मागून येते आणि नेमकी मानेवर. बरं, उभ्यानं खुरपणी कशी करायची, ते अजून कुणी शोधून काढलेलं नाही!

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात महिन्याच्या आत तीन माणसं गेली. त्यांत दोन लहान मुलं. मग गावकऱ्यांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधले. धनगराच्या कुत्र्याला असतो ना, तसाच पट्टा.

तक्रारींना जागा इथे खरी होती. मान खाली घातली की हनुवटीला टोचणार, पदर अडकणार, उन्हात गळ्याभोवती घाम साचणार. शिवाय लाज! कुत्र्याचा पट्टा माणसानं घालायचा म्हणजे काय? पण शेजारीण घालते म्हटल्यावर लाज निम्मी होते, आणि कालच्या बातमीतलं घर आपल्याच आळीतलं असलं की उरलेली निम्मीही जाते. भाषण, पत्रक, दंड यांना जे वर्षानुवर्षं जमत नाही, ते असं आठवड्यात होतं.

म्हणून पट्टा लोकांनी लगेच स्वीकारला, याचं कौतुक जरा जपूनच करावं. हेल्मेट नाकारणाऱ्याला वाटतं, अपघात दुसऱ्याला होतात. पट्टा घालणारीला ती सोय राहिलेली नाही. तिला पट्टा आवडलेला नाही. तिला उद्याही खुरपायला जायचं आहे, एवढंच. आणि संध्याकाळी धडपणे घरी येऊन तो खुंटीला अडकवायचा आहे.