रूपकाच्या समेवर ठोका नको

सांगली

प्रिय ढोलकीवाल्या,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. एडमंटनला बर्फ पडायला लागलं, संध्याकाळी चार-साडेचारलाच दिवे लावावे लागतात, आणि अशा वेळी तळघरात लॅपटॉप उघडून तू संगीत करायला बसलायस, हे वाचून फार बरं वाटलं. ढोलकी तिकडे नेता आली नाही आणि नेली असती तरी त्या कोरड्या हवेत पुड्यांचं काही खरं नव्हतं. तेव्हा हात शांत बसण्यापेक्षा यंत्रावर चालू दे, माझं याला मनापासून अनुमोदन आहे.

काय काय विकत घेऊ, असं विचारलंयस. यादी छोटी आहे. लॅपटॉप आहे तो पुरेल. रीपर नावाचं सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतर घरगुती परवाना ६० डॉलरला मिळतो. दोन माइक लावता येतील असा एक साधा ऑडिओ इंटरफेस आणि बरा हेडफोन घे. मोठे स्पीकर आत्ता नकोत, कारण खोलीच तुला फसवेल. तुझं तळघर तीन मीटर रुंद असेल तर ५७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज भिंतीपाशी फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळपास नाहीसा होतो. ज्या माणसाचं सगळं लक्ष खर्जाच्या बाजूवर, त्यानं अशा खोलीत बसून तो खर्ज जोखायचा कसा?

आणि पियानोसारख्या पट्ट्यांचा कीबोर्ड घेऊ नकोस. तो मला उपयोगी आहे, पेटीवालीला. तुझं सगळं शहाणपण पंजात आहे, तेव्हा पॅड घे. ऑर्केस्ट्रात ज्याच्याकडे तू डोळे लावून बसायचास तो ऑक्टोपॅड आठवतो? रोलँडनं तो पहिल्यांदा १९८५ साली आणला. जुना मिळाला तरी चालेल, त्याला मिडीची जोडणी आहे एवढं बघ. मिडी १९८३ पासूनची आहे आणि तिच्या तारेतून आवाज जातच नाही. कोणता सूर, केव्हा आणि किती जोरात, एवढाच निरोप जातो. जोर ० ते १२७ अशा आकड्यांत मोजतात. पॅड आणल्या आणल्या पहिलं काम हे कर: नुसती बोटाची टिचकी मार, मग पूर्ण थाप मार, आणि आकडे बघ. टिचकी २०-२५ ला आणि थाप १२० ला जात नसेल तर पॅडच्या सेटिंगमध्ये जाऊन ते जुळवून घे. त्याआधी एकही बोल रेकॉर्ड करू नकोस.

दुसरी जुळवणी वेळेची. हात पडला आणि कानात आवाज आला, यांच्यामध्ये संगणक थोडा वेळ खातो. सेकंदाला ४८ हजार नमुने आणि बफर, म्हणजे एका खेपेला जमवायचे नमुने, १२८ चा ठेवलास तर एका खेपेला पावणेतीन मिलिसेकंद लागतात. बफर ५१२ चा असेल तर पावणेअकरा. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे ५१२ वर तुझी ढोलकी साडेतीन मीटरहून जास्त लांब जाऊन बसली. त्यात इंटरफेसचा स्वतःचा वेळ वेगळाच. गाणाऱ्याला हे एक वेळ चालून जाईल, तुला चालणार नाही. द्रुत लयीत हात अडखळेल आणि तुला वाटेल, माझाच रियाज गेला. तेव्हा वाजवताना बफर लहान ठेव, आणि नंतर नुसतं मिश्रण करताना १०२४ वर ने, म्हणजे संगणकाला श्वास घ्यायला जागा मिळेल.

आता तुझ्या खऱ्या शंकेकडे येते. "हे सगळं परक्यांचं, यात आपलं काय?" असं तू लिहिलंयस. मला हे मुळीच पटत नाही. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर आला. तो लावून द्यायला अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर आला होता. या खटपटीच्या मागे कोण होतं? गीता साराभाई, पखवाज शिकलेली बाई! १९४६ साली न्यूयॉर्कला जॉन केजला हिंदुस्थानी संगीत समजावून सांगणारी तीच. तिथं त्या यंत्रावर आपल्या लोकांनी जे केलं त्याच्या फिती कित्येक वर्षं संस्थेतच पडून होत्या, आता त्यांचा संग्रह निघालाय, तो जरूर ऐक. पखवाजाचा हात असलेल्या बाईला या यंत्रात रस वाटला, यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही. ठोका कुठून सुरू होतो आणि त्याची आस कुठवर जाते, याचा विचार तालवाद्य वाजवणाऱ्याइतका दुसरं कोण करतं?

आणि मुंबईचे चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी रोलँडची तीन यंत्रं घेतली: जुपिटर-८, ठेक्यासाठी टीआर-८०८ आणि खर्जासाठी टीबी-३०३. घरी ती एकत्र वाजवून बघितली, जमतंय असं वाटलं, आणि ललत, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर रेकॉर्ड केले. ३०३ हे यंत्र एकट्या गिटारवाल्याला साथीला बास मिळावा म्हणून काढलेलं. ते बाजारात चाललं नाही, कंपनीनं बंदही केलं. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती, आणि सिंगांच्या कानानं त्यात मींड ओळखली. शिकागोच्या फ्यूचर या मंडळींनी त्याच यंत्राची बटणं पिळून ॲसिड हाउसचा आवाज काढला तो १९८७ साली, म्हणजे पाच वर्षांनंतर. सिंगांची तबकडी तेव्हा फार कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातली पोरं चकित झाली, आणि सत्तरी गाठलेल्या या माणसाला तिकडे कार्यक्रमांना बोलावणी आली. २०१५ साली ते गेले.

मी ती तबकडी वारंवार ऐकते. तिच्याबद्दल मला जे वाटतं ते तुला सांगायलाच हवं, कारण तुझं काम तिथूनच सुरू होतं. सुरांच्या बाबतीत चरणजित सिंगांनी यंत्र वाकवलं, पण तालाच्या बाबतीत नाही. तबला त्यांनी मुद्दाम बाहेर ठेवला आणि खाली डिस्कोचे चार सरळ ठोके चालू दिले. त्यांना ते तसंच हवं होतं आणि त्या तबकडीत ते शोभतंही. पण चाळीस वर्षं उलटली तरी बहुतेक घरगुती इलेक्ट्रॉनिक संगीत त्या चार ठोक्यांतून बाहेर पडत नाही. सॉफ्टवेअर उघडावं तर १२० ची लय आणि चार मात्रांचं आवर्तन आधीच मांडून ठेवलेलं. बनवणाऱ्यानं कुठून तरी सुरुवात करून दिली एवढंच, पण आपण ती जागा बदलतच नाही. इकडे हळदीला नि मिरवणुकीला वाजणारी गाणी आपल्या गल्लीतली मुलं एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरवर घरीच करतात. हलगी, संबळ, नाशिक ढोल यांचे नमुने त्यांच्याकडे इतके सरस असतात की ऐकत राहावं. आणि तरी शेवटी खाली तोच चार मात्रांचा धडाका टाकतात. मला हळहळ वाटते, कारण त्यांच्या हातात याहून कितीतरी जास्त आहे.

म्हणून तू रूपकापासून सुरुवात कर. सात मात्रा, मात्रेला दोन खण, म्हणून आवर्तन चौदा खणांचं. सॉफ्टवेअरनं मांडलेल्या सोळा खणांतले शेवटचे दोन काढून टाक, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ते करता येतं. आता किक, म्हणजे खर्जाचा जड ठोका, कुठं ठेवशील? तिकडच्या सवयीनं हात पहिल्या खणावर जाईल. पण रूपकाची सम खाली आहे! तीं तीं ना, धीं ना, धीं ना: डग्गा बोलतो चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. म्हणजे किक सातव्या आणि अकराव्या खणात, आणि पहिल्या खणात एखादा कोरडा, उंच, चाटेचा आवाज. मग एक अडचण येईल. ज्याचा कान डिस्कोवर वाढलाय तो जड ठोक्यालाच सम समजतो आणि चौथ्या मात्रेपासून मोजू लागतो. त्याला सांगायला आपण तिथं नसतो. त्यावर उपाय आपल्या गाण्यातच आहे: मुखडा समेवर आण. सुराची एकच छोटी ओळ प्रत्येक आवर्तनात त्या पहिल्या खणावर येऊन टेकू दे, दोन-चार आवर्तनांत ऐकणाऱ्याचं शरीर आपोआप जागेवर येतं.

तिकडच्या नृत्यसंगीतात ताण वाढवत नेतात आणि एका क्षणी सगळा खर्ज एकदम सोडतात, त्याला ड्रॉप म्हणतात. आपल्याकडे त्याला तिहाई आहे. चौदा खणांत समेपासून पाच-पाच खणांचे तीन तुकडे टाक. पंधरावा खण म्हणजे पुढची सम, तिसऱ्या तुकड्याचा शेवटचा धा नेमका तिथं पडतो. इतका वेळ रिकामी ठेवलेली ती जागा, तिथं मात्र खुशाल भरदार ठोका दे. एवढा वेळ आवरलेला खर्ज तिहाईनं उघडला की काय होतं ते तूच ऐक.

आणि कृपा करून बोल सरळ रेषेत ओढू नकोस. रॉजर लिन यांच्या १९८० च्या ड्रम मशीनपासून यंत्राला झोल देता येऊ लागला: जोडीतला दुसरा ठोका ५० टक्क्यांवर म्हणजे अगदी मध्ये, ६६ वर म्हणजे दादऱ्याकडे झुकलेला. पण यंत्राचा झोल पूर्ण गाण्यात एकच राहतो, आणि लावणीच्या ढोलकीचा झोल लय चढते तसा बदलत जातो. तो तुझ्या हाताला येतो, मी ऐकलाय. तेव्हा ठोके रेषेवर बसवणारं क्वान्टाइझचं बटण सोड. पॅडवर सलग वीस-पंचवीस आवर्तनं वाजव, त्यातलं सगळ्यात चांगलं एक निवड आणि बाकीच्या वाद्यांना त्याच्यावर बसव.

घुमाऱ्याचं काय करायचं, हे तू विचारलंयस, आणि हा तर माझा आवडता भाग. ८०८ च्या किकमध्ये सूर ठोक्याच्या क्षणी वर असतो आणि लगेच खाली घसरतो. तुझ्या ढोलकीच्या धुम्याचा, म्हणजे खर्जाच्या बाजूचा, घुमारा उलटा: थाप पडते, मग तळवा पुडी दाबत पुढं सरकतो आणि सूर खालून वर चढतो. सर्ज एक्सटी हा सिंथ फुकट आहे, त्यात एक साधी साइन लहर घे. ७५ हर्ट्झच्या आसपास सुरू कर, आणि पाव सेकंदात चार-पाच स्वर वर चढव. चढ सरळ ठेवू नकोस, आधी सावकाश, मग झपकन. हा चढ पॅडच्या जोराशी जोडलास की टिचकीला घुमारा जेमतेम हलेल आणि थापेला खोलीभर उठेल. नंतर हे फोनवर ऐकशील आणि म्हणशील, कुठं गेला घुमारा? फोनच्या इवल्याशा स्पीकरला ७५ हर्ट्झ झेपत नाहीत. त्यासाठी आवाजात थोडं सॅच्युरेशन घाल, म्हणजे १५० आणि २२५ वर त्याचे उपस्वर तयार होतील. ते कानावर पडले की खालचा न वाजलेला मूळ सूर मेंदू स्वतः भरून काढतो.

आता माझी बाजू. तू तुकडा पाठवशील तेव्हा सा काळी एकचा ठेव. यंत्राचा सा २७७.२ हर्ट्झ, आणि त्याचा तयार गंधार ३४९.२. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार मात्र ३४६.५ चा. फरक तीन हर्ट्झहूनही कमी, पण तानपुऱ्यावर तो गंधार धरून ठेवला की उपस्वरांत थरथर सुरू होते आणि कान शिणतो. याच तक्रारीवरून, शिवाय पेटीवर मींड निघत नाही म्हणून, १९४० साली रेडिओवर पेटीला बंदी आली होती, आणि ती सत्तरच्या दशकापर्यंत टिकली. पेटीचा सूर बदलायचा तर आपल्याला कारागिराकडे जाऊन रीड घासून घ्याव्या लागतात. सर्जमध्ये स्वरांच्या जागा एका छोट्या फायलीत लिहून दिल्या की झालं. शुद्ध गंधार १४ सेंट उतरव. मी ही फाइल सोबत पाठवतेय, यमनासाठी केलेली. मिरजेच्या एका जुन्या तानपुऱ्याचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंगही जोडलंय, मध्ये कुठंतरी बाहेरून रिक्षा गेल्याचा आवाज आहे, तेवढा कापून घे.

एक शेवटचं. मोठ्या आवाजात ऐकून मिश्रण ठरवू नकोस. कमी आवाजात खर्ज आणि तीव्र दोन्ही कानाला कमी लागतात, म्हणून हळू आवाजातही ठोका भरदार वाटला तरच तो खरा. आणि सगळं चेपून कर्कश मोठं करण्यात अर्थ नाही, स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी उणे १४ लफ्स (आवाजाच्या पातळीचं माप) च्या आसपास आणून सोडतात. तुझ्या टिचकीपासून थापेपर्यंतचं अंतर चेपलं गेलं तर मग पॅड जुळवण्यात घालवलेली संध्याकाळ वाया.

प्रत्येक वाद्याची फाइल वेगळी पाठव, २४ बिट, ४८ हजार, वेव्ह. सगळ्या एकाच जागेपासून सुरू होऊ देत, आणि नावात लय लिही. दहा आवर्तनं असली तरी चालतील, मी त्यावर मुखडा बांधून परत पाठवते. वहिनींना नमस्कार सांग. आणि घुमारा कुठल्या हर्ट्झवर सुरू करून कुठवर चढवलास, ते पत्रात लिहायला विसरू नकोस, मला इथं तो माझ्या मुखड्याच्या पंचमाशी जुळवून बघायचाय.

तुझी,
पेटीवाली