न छापलेल्या जाहिराती

जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली समोर आल्या की बहुतेक जण अग्रलेख शोधतात. मी आधी छोट्या जाहिराती वाचतो. ही सवय कधी लागली ते सांगता येणार नाही, पण कर्जतहून सकाळची लोकल पकडून ठाण्या-मुंबईच्या जुन्या ग्रंथालयांत जाऊन बसायचं आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-तीस वर्षांतले अंक चाळायचे, यात माझे कितीतरी रविवार आनंदात गेले आहेत. कागद पिवळा, कडा भुगा झालेल्या, आणि त्यात तीन-चार ओळींत कोंबलेली माणसांची गरज. लेखनिक पाहिजे, मराठी सातवी पास, मोडी आणि बाळबोध दोन्ही अक्षरं वळणदार. दवाखान्याला कंपाउंडर. मुलांच्या शिकवणीला मास्तर. छापखान्याला जुळारी. दुकानाच्या गल्ल्यावर बसायला कारकून, पण जामीन देणारा. सोवळ्यातला स्वयंपाक करणारी बाई. पगार योग्यतेप्रमाणे, शिफारसपत्रांच्या नकला जोडाव्यात, सकाळी अमुक ते अमुक या वेळेत समक्ष भेटावं.

या ओळी भिंगाखाली धराव्यात. खिळे झिजलेले असतात, एखाद्या जोडाक्षराचा पाय तुटलेला असतो. पैसे ओळीवर मोजले जात, त्यामुळे क्रियापदं गळतात आणि विशेषणं तर औषधालाही सापडत नाहीत. ज्याने हे खिळे हाताने उचलून उलटे जुळवले, त्या जुळाऱ्यालाही ही नोकरी कधीतरी अशाच दोन ओळींतून लागली असेल, हे मनात येतं आणि पान उलटावंसं वाटत नाही. शहर कसं असावं, हे अग्रलेखात वाचायला मिळतं. त्या सकाळी शहराचं नेमकं कशावाचून अडलं होतं, ते या ओळींत कळतं. जुन्या संपादकांनाही या मजकुराचं मोल ठाऊक होतं. लंडनच्या ‘टाइम्स’ने १९६६ पर्यंत आणि मद्रासच्या ‘हिंदू’ने १९५८ पर्यंत पहिलं पान बातमीला दिलं नव्हतं, ते जाहिरातींचं पान होतं.

तरीही या फायली वाचता वाचता एक गोष्ट खुपायला लागली. १९२१ च्या जनगणनेत मुंबईच्या शंभर माणसांतली चौऱ्याऐंशी मुंबईबाहेर जन्मलेली होती. रत्नागिरी, सातारा, कुलाबा, पुणे, नाशिक इथून आलेली ही माणसं गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत, बांधकामांवर राबत होती. लाखाच्या वर माणसं नुसत्या कापड गिरण्यांत होती. साचेवाला पाहिजे, फ्रेमवाला पाहिजे, गोदीला हमाल पाहिजे, अशी जाहिरात मात्र या फायलींत माझ्या नजरेला पडली नाही. ज्या कामावर शहर उभं होतं, ते काम छापलं जातच नव्हतं.

ते काम जॉबरच्या, म्हणजे गिरणीत माणसं भरणाऱ्या मुकादमाच्या, तोंडून मिळायचं. बायकांच्या वाइंडिंग खात्यात नायकिणीच्या, म्हणजे बाई-जॉबरच्या. कर्जत-खालापूरकडच्या जुन्या माणसांना हे सांगावं लागत नाही. आमच्या ओळखीतले एक आबा मुंबईच्या गिरणीतून निवृत्त होऊन गावी परतले होते. त्यांना मी एकदा विचारलं, “आबा, तुम्हाला गिरणीत नोकरी कशी लागली?” ते म्हणाले, “नोकरी कुठची लागते, बाबा? चुलत्यानं जॉबरच्या पायावर घातलं. सहा महिने बदलीवर गेटावर उभा होतो. जॉबरच्या पोरीच्या लग्नात पाणी भरलं. मग लागलो.” पाणी भरलं हे त्यांनी शब्दशः सांगितलं, हंडे उचलून. आबा एकोणीसशे पन्नासच्या दशकातले. त्यांच्या आधीच्या दोन पिढ्यांची कथा याहून कडक. नोकरी मिळवायला दस्तुरी, टिकवायला दस्तुरी, बाळंतपणाच्या रजेवरून परत यायलाही नायकिणीचा हात ओला करायचा. १९२९ साली कामगारांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या व्हिटले आयोगापुढे हे सगळं उघड मांडलं गेलं आणि आयोगाने जॉबरच्या हातून भरती काढून घ्यावी असं सुचवलंही. अंमल व्हायला फार वर्षं गेली.

एकदाच हे चित्र उलटं झालं. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि पुढच्या वर्षी माणसं जीव घेऊन गावाकडे पळाली. तेव्हा गिरणीवाल्यांची माणसं रस्त्याच्या कोपऱ्यांवर उभी राहून मजुरांसाठी चढाओढीने बोली लावत, आणि रोजचा पगार रोज हातात देत. काम मोठ्याने, चारचौघांत, रकमेसकट सांगितलं गेलं ते शहराला माणूस मिळेना तेव्हा.

इथेच छोट्या जाहिरातीचा खरा गुण मला दिसतो. छापलेली ओळ कुणाचं देणं लागत नाही. ती वाचणारा परका असू शकतो, जाऊ शकतो, न जाऊही शकतो. पटलं नाही तर दुसऱ्या ओळीकडे वळू शकतो. तोंडी निरोपाने मिळालेल्या कामात नाही म्हणायची सोय नसते, कारण त्या निरोपात चुलता असतो, गावकीची खोली असते, खानावळीची उधारी असते. गावकीच्या आधारावर माणसं त्या शहरात तगली, हे मी कधीच नाकारणार नाही. आजारपणात, संपात, मर्तिकात तोच आधार होता. पण तो आधार आणि ते ओझं एकाच हाताने दिलं जात होतं.

ही छापलेली ओळही सगळ्यांना मोकळी नव्हती. वाचता येणं ही पहिली अट. दुसरी अट जातीची, कधी स्पष्ट छापलेली, कधी ‘सोवळ्यातली’ या एका शब्दात मावलेली. आणि पैसे मोजले तरी जागा मिळेलच असं नव्हतं. ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. त्याची साधी जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला, हे बाबासाहेबांनी पुढे स्वतः नोंदवलं आहे. अग्रलेखात मतभेद असणं मी समजू शकतो. पण ओळीला पैसे घेऊन जिथे कुणाचंही औषध, कुणाचंही तेल विकलं जायचं, त्या पानावरही एका पाक्षिकाला चार ओळी नाकारल्या गेल्या. शहराचं दार कुठे बंद होतं ते मला या एका नकारात जितकं स्पष्ट दिसतं तितकं मोठमोठ्या भाषणांत दिसत नाही.

आता आमच्या मुलखाकडे येतो. कर्जत आणि खालापूर, वर बोरघाट आणि माथेरानचा डोंगर, खाली भातखाचरं. हा भाग तेव्हा मुंबईच्या किती कामी आला याचा हिशेब कुठल्या पानावर नाही. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि घाटाशी थबकली. १८५८ साली वर खंडाळ्याहून पुण्याला गाडी सुरू झाली. मधला घाट उतारूंनी पालखीत, तट्टावर, डोलीत बसून चढायचा. ती डोली उचलणारे खांदे इथले. १८६३ साली घाटाचा रेल्वेमार्ग खुला झाला, तेव्हा त्या कामावर एका वेळी चाळीस हजारांहून जास्त माणसं राबून गेली होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्या आल्या आजारी पडून वारला आणि त्याच्या बायकोने, ॲलिसने, कंत्राट पुढे नेलं, ही हकीकत इतिहासात नावानिशी आहे. पटकी-तापाने गेलेल्या मजुरांची नावं नाहीत. त्यांना कुणी जाहिरात देऊन बोलावलं नव्हतं, मुकादमांनी टोळ्या करून आणलं होतं.

मग वीज आली. १९११ मध्ये लोणावळ्याला वळवणच्या धरणाची पायाभरणी झाली, आणि १९१५ च्या फेब्रुवारीत टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज पोचली. घाटमाथ्यावरचं पावसाचं पाणी नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली कोसळतं, खोपोलीत चक्रं फिरवतं आणि तारांवरून परळला जातं, ही त्या काळात अचाट गोष्ट होती. आजही तिच्यापुढे उभं राहिलं की मन भरून येतं. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. कोळशाच्या धुरात चालणाऱ्या गिरण्या आमच्या डोंगरच्या पाण्यावर चालू लागल्या. तारा ज्यांच्या शेतांवरून, ठाकरवाड्या-कातकरवाड्यांवरून गेल्या, त्यांच्या घरात दिवा लागायला मात्र कित्येक दशकं जावी लागली. त्याच तारांच्या आधाराने चालणाऱ्या गिरणीत इथलाच एखादा पोऱ्या बदलीवर गेटाशी उभा असेल.

माथेरानच्या नाभिक कुटुंबात १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, आमचे भाई कोतवाल, हे सगळं जवळून पाहून मोठे झाले. माथेरानात वरचं गाव साहेबांचं आणि शेठ लोकांचं. त्यांचं सामान डोक्यावर वाहणारे, रिक्षा हाताने ओढणारे, घोडे हाकणारे खालच्या वाड्यांतले. कोतवाल वकील झाले, त्यांनी शाळा काढल्या, धान्यकोठ्या काढल्या म्हणजे पावसाळ्यात सावकाराकडे जायला नको. १९४२ च्या चळवळीत त्यांच्या भूमिगत आझाद दस्त्याने वीज वाहून नेणारे मनोरे पाडायला घेतले, कारण मुंबईचा श्वास कुठून जातो हे या भागातल्या माणसाइतकं कुणाला ठाऊक असणार? २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांच्या धाडसावर पुष्कळ लिहिलं जातं. मला त्यांची धान्यकोठी तितकीच मोठी वाटते. निरोपाने आणि उचलीने बांधलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणता यावं, यासाठी ती केलेली तजवीज होती.

आज जाहिरात स्वतःच आमच्याकडे चालत आली आहे. कर्जतला चारफाट्यावरून कुठल्याही दिशेला निघा, फलकांवर फार्महाऊसचे प्लॉट, सेकंड होम, डोंगर दिसणारा बंगला. त्यांच्या फाटकांवर आणि विजेच्या खांबांवर हाताने लिहिलेले कागद चिकटवलेले असतात: जोडपं पाहिजे, बंगला सांभाळण्यासाठी, राहायची सोय. शंभर वर्षांपूर्वीच्या गिरगावातल्या ओळींशी त्यांचं नातं लगेच ओळखू येतं. पगार तेव्हाही योग्यतेप्रमाणे होता, आजही लिहिलेला नसतो. माझी या बाबतीत ठाम अपेक्षा आहे. जो काम मागतो आहे त्याने रक्कम लिहावी, सुट्टीचा वार लिहावा. जोडप्यातल्या बाईला वेगळा पगार आहे की नवऱ्याच्या पगारात तिचंही काम धरलं आहे, तेही लिहावं. त्याला फार तर एक ओळ जास्त लागेल.

आणि या कागदांच्याही पलीकडे राहिलेले लोक आहेतच. दिवाळी झाली की कातकरवाड्या रिकाम्या होऊ लागतात. पावसाळ्यातच, घरात दाणा नसताना, वीटभट्टीवाल्याची किंवा कोळसाभट्टीवाल्याची उचल घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायको पोराबाळांसह भट्टीवर जातात. आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब पावसाळ्याच्या तोंडावर होतो, आणि तो बहुतेक वेळा बाकी दाखवूनच संपतो. पोरांची शाळा अर्ध्यात सुटते ती सुटते. कामाला कुणी बोलावलं, कोणत्या दराने, हजार विटांना किती, याचा कागद कुणाकडेच नसतो. १९७६ साली वेठबिगारीविरोधी कायदा झाला, पण ज्या व्यवहाराची ओळच कुठे लिहिलेली नाही तो कोर्टात सिद्ध करायला वाडीवरच्या माणसाची दमछाक होते.

जुन्या फायलींत ‘पाहिजे’च्या शेजारी आणखी एक रकाना असे, काम मागणाऱ्यांचा. मॅट्रिक झालेला तरुण, हिशेब येतो, मुंबईत कुठेही जायची तयारी. चार आणे-आठ आणे मोजून तो आपली गरज शहरापुढे मांडू शके. वाडीवरच्या माणसासाठी असा रकाना महाराष्ट्रात पहिल्यांदा कायद्याने उघडला. वि. स. पागे यांनी ज्या रोजगार हमीचा पाठपुरावा केला तिचा कायदा १९७७ साली झाला, आणि मजुराने अर्ज करून काम मागावं आणि सरकारने ते द्यावं, ही गोष्ट लिखित झाली. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर भत्ता, असंही बांधून दिलं. मागणीचा अर्ज म्हणजे नमुना चार. तो दिला की तारखेची पोच मिळायला हवी, कारण पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजायचे.

आमच्या भागातले कार्यकर्ते वाडीवर बैठक घेतात तेव्हा काम किती, मजुरी किती हे सगळं नंतर येतं. पहिली गोष्ट ते हीच सांगतात: अर्ज ठेवून निघून यायचं नाही. “पोच घ्या. तारीख टाकलेली, सही केलेली. साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर तिथंच बसा.” बाया बसतातही. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, पोरं मांडीवर घेऊन, दुपार कलेपर्यंत.