दोन यंत्रं, एक वही आणि डॉक्टरांची दहा मिनिटं



एरवी आपण इथं कृतिपत्रिका, वाचनपाठ, गणिताच्या सोप्या रीती वाचतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. पण तक्ता, आलेख, एकक, तारीख लिहायची पद्धत हे आपले रोजचे घटक त्यात येतात, म्हणून लिहायचं ठरवलं.

मी हातकणंगले तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. माझा मुलगा पाचवीत आहे. त्याला सहाव्या वर्षी टाईप १ मधुमेह झाला. "लहानपणी गोड जास्त दिलं असेल," असं आम्हाला पुष्कळ जणांनी ऐकवलं. गोड खाण्याचा आणि याचा संबंध नाही. या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. मग इन्सुलिन बाहेरून द्यावं लागतं, रोज आणि आयुष्यभर.

इन्सुलिनची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगवणं एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं. पुढच्याच वर्षी त्याचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलर एवढ्या नाममात्र किमतीला देण्यात आलं. औषध सगळ्यांना मिळावं हा हेतू. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

यंत्र काय करतं?

इन्सुलिन पंप म्हणजे जुन्या पेजरएवढं यंत्र. त्यातून बारीक नळी निघते आणि कातडीखाली बसवलेल्या सेटमधून इन्सुलिन आत जातं. सेट दोन-तीन दिवसांनी बदलायचा. दिवसरात्र थेंब थेंब जातं ते बेसल, आणि जेवताना बटण दाबून देतो ते बोलस. भाकरी किती, भात किती, यावरून बोलसचा हिशोब करायचा. हा हिशोब माझा मुलगा आता माझ्यापेक्षा लवकर करतो.

दंडावर सेन्सर आहे. तो दर पाच मिनिटांनी साखरेची नोंद करतो. तासाला १२, दिवसाला २८८, चौदा दिवसांत ४०३२ आकडे. पंप आपल्या नोंदी ठेवतो, सेन्सर आपल्या. डॉक्टरांना दोन्ही बघायचे असतात, कारण साखर का चढली किंवा का उतरली ते एकट्या साखरेच्या आकड्यावरून कळत नाही. त्या वेळी इन्सुलिन किती गेलं, पोरगं काय खाल्लं, किती पळालं, हे शेजारी लागतं.

आणि इथंच गाडी अडली.

पंप माझ्या नणंदेने कॅनडातून आणला होता. इथं घ्यायचा तर किंमत लाखांच्या घरात. सेन्सर मात्र आम्ही इथला, परवडेल असा, दुसऱ्या कंपनीचा घेतला. पंपाच्या नोंदी त्या कंपनीच्या संकेतस्थळावर, कॅनडातल्या खात्यात. सेन्सरच्या नोंदी मोबाइलवरून वेगळ्याच खात्यात. ज्या शहरात आम्ही दाखवायला जातो तिथल्या दवाखान्याचं खातं भारतातलं, त्याला आमचं पंपाचं खातं सापडेना. फाइल पेनड्राइव्हवर नेली, तर तिथल्या संगणकाला सुरक्षेसाठी पेनड्राइव्ह चालत नाही. शेवटी व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट पाठवले. एकतीस.

डॉक्टर शांत स्वभावाचे आहेत. बाहेर बाकावर पंधरा-वीस माणसं बसलेली. त्यांनी चार-पाच फोटो पुढंमागं केले आणि म्हणाले, "मॅडम, साखर या फोटोत, इन्सुलिन त्या फोटोत. रात्री अडीचला नेमकं काय झालं, ते मी कुठं बघू?"

प्रश्न रात्री अडीचचाच होता. त्या दीड-दोन महिन्यांत काही रात्री सेन्सरचा अलार्म वाजायचा आणि साखर ६० च्या खाली असायची. आम्ही उठायचो, त्याला उठवून साखरपाणी पाजायचो आणि परत तपासायचो. झोपेत साखर फार उतरली तर झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. दर रात्री असं होत नव्हतं, म्हणून कारण सापडत नव्हतं. घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढ्या पैशाची दोन यंत्रं एकाच पोराच्या अंगावर, आन् एकमेकाची वळख न्हाई व्हय त्यास्नी?"

मिरजेचं स्टेशन

सासऱ्यांना मात्र यात नवल वाटलं नाही. त्यांची नोकरी मिरजेच्या रेल्वे यार्डात झाली. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला. बेळगावकडं जाणारा मार्ग मीटरगेजच राहिला आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडचा नॅरोगेज. एका स्टेशनात तीन रुंदीचे रूळ: १६७६, १००० आणि ७६२ मिलिमीटर. एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर चालायचा नाही. "डब्यातला माल चांगला, इंजिन चांगलं. पर पोतं न् पोतं उतरवून दुसऱ्या डब्यात भरायचं," ते सांगत होते. आता तिन्ही मार्ग ब्रॉडगेज आहेत, ती हमाली संपली.

आपल्यापैकी ज्यांनी जुन्या फॉन्टमध्ये प्रश्नपत्रिका टाईप केल्या आहेत त्यांना हे पटेल. आपल्या संगणकावर सुंदर मराठी, आणि केंद्रशाळेच्या संगणकावर उघडलं की नुसती चिन्हं. युनिकोड आल्यावर तो त्रास गेला, कारण 'क' साठी सगळ्यांनी एकच क्रमांक मान्य केला. पंप आणि सेन्सर बनवणाऱ्यांनी तसं अजून पुरतं केलेलं नाही. प्रत्येकाची आपली रीत, आपलं खातं, आपलं कुलूप.

वहीतला तक्ता

सासऱ्यांच्या बोलण्यावरून ठरवलं, पोती आपणच उतरवायची. शंभर पानी वही घेतली. एका दिवसाला एक पान. चार रकाने: वेळ, साखर, इन्सुलिन, आणि खाणं-खेळ. चौदा दिवसांची पानं भरायची. पण लिहायला बसल्यावर कळलं, नुसतं उतरवून भागत नाही. आधी तीन गोष्टी एकसारख्या कराव्या लागल्या.

पहिली गोष्ट, वेळ. सेन्सर मोबाइलचं घड्याळ धरतो. पंपाचं घड्याळ स्वतंत्र, ते १४ मिनिटं मागं होतं. पंपाच्या प्रत्येक वेळेत १४ मिनिटं मिळवली.

दुसरी, तारीख. पंपाच्या फाइलमध्ये आधी महिना, मग दिवस. म्हणजे ०७/०३ ही आपल्याला ७ मार्च वाटते, ती असते ३ जुलै. तेरा तारखेपासून पुढं घोळ लगेच ओळखू येतो, कारण तेरावा महिना नाही. एक ते बारापर्यंत कळतही नाही.

तिसरी, एकक. आपल्याकडे साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, कॅनडात मिलिमोल प्रति लिटरमध्ये. बोटाला टोचून तपासलेले आकडे पंपात मिलिमोलमध्ये होते. १८ ने गुणायचं. ३.२ हा आकडा नुसता बघितला तर काही बोध होत नाही. गुणिले १८ केलं की ५७.६, म्हणजे जवळपास ५८. ही धोक्याची पातळी.

गुणाकार मुलानंच केले. नवव्या पानावर त्यानं पेन्सिल थांबवली आणि म्हणाला, "आई, ह्या सगळ्या खो-खोच्या रात्री हायत."

बघितलं तर खरंच. सराव मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी. साखर उतरलेली प्रत्येक रात्र त्याच दोन वारांची. पळून आलेले स्नायू आपला रिकामा झालेला साठा नंतर कित्येक तास रक्तातल्या साखरेतून भरून काढतात. संध्याकाळी खेळ झाला तर परिणाम मध्यरात्रीनंतरही दिसतो. पंप मात्र रोजच्याइतकंच बेसल देत राहतो.

पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर चौदा पानं ठेवली. त्यांनी दोन वारांची पानं शेजारी शेजारी धरली आणि त्या रात्रींपुरतं बेसल काही तास कमी करून दिलं, झोपताना काय खायचं ते सांगितलं. दहा मिनिटांत काम झालं. किती कमी केलं ते मुद्दाम लिहीत नाही. प्रत्येक मुलाचं प्रमाण वेगळं असतं आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं. खो-खो बंद करायची वेळ आली नाही. घरात तीच मोठी भीती होती.

दुसऱ्या पालकांनी काय केलं?

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत जॉन कॉस्टिक हे संगणकतज्ज्ञ वडील. मुलाच्या सेन्सरचे आकडे त्या छोट्या यंत्रावरच दिसायचे; मूल शाळेत आणि हे कामावर. २०१३ मध्ये त्यांनी ते आकडे इंटरनेटवर आणायची युक्ती शोधली. इतर पालक जोडले गेले आणि त्यातून 'नाइटस्काउट' हा सर्वांसाठी खुला प्रकल्प उभा राहिला. 'आम्ही वाट बघत बसणार नाही' अशा अर्थाची त्यांची घोषणा होती. त्याच वर्षी हॉवर्ड लुक या मधुमेही मुलीच्या वडिलांच्या पुढाकारानं 'टाइडपूल' ही ना-नफा संस्था सुरू झाली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांतली माहिती एका पडद्यावर आणणं हेच तिचं काम.

आपल्याकडे २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यातला १४ अंकी आभा क्रमांक आपल्यापैकी अनेकांनी काढला असेल. रुग्णाच्या संमतीनं कागदपत्रं एका दवाखान्यातून दुसऱ्यात जावीत, आणि त्यासाठी सगळ्यांनी एकच मांडणी वापरावी, ही त्यामागची कल्पना. आमच्या घरी रोजच्या आकड्यांचं काम अजून वहीच करते. पण रूळ एकसारखे व्हायला सुरुवात झाली आहे, असं म्हणता येईल.

तोवर माझं म्हणणं एवढंच. ज्या औषधाचं पेटंट एका डॉलरला दिलं गेलं, ते औषध किती गेलं याचा हिशोब रुग्णाच्या डॉक्टरांना सरळ मिळू नये, हे बरं नव्हे. यंत्र घेताना पालकांनी दुकानदाराला किंमतीसोबत हेही विचारावं: नोंदी बाहेर काढता येतात का, कुठल्या देशातल्या खात्यात जातात, आमच्या डॉक्टरांना त्या उघडतात का?

वर्गासाठी आणि शाळेसाठी

चौथी-पाचवीला हा उपक्रम करून बघा. एका गटाला आठवडाभराचं तापमान द्या, दुसऱ्याला त्याच आठवड्यातला माठातल्या पाण्याचा खप. दोन्ही तक्ते वेगळ्या तारीखपद्धतीत आणि वेगळ्या एककात द्या. मग विचारा, "ऊन वाढलं की पाणी जास्त लागतं का?" आधी काय काय एकसारखं करावं लागेल ते मुलं स्वतः शोधतात. माझ्या वर्गात यावर दोन तासिका छान गेल्या.

वर्गात टाईप १ असलेलं मूल असेल तर:

- पालकांकडून डॉक्टरांच्या सहीचा एक पानी कागद घ्या आणि तो सगळ्या शिक्षकांना दाखवा.
- घाम, थरथर, अचानक चिडचिड, विचारलेल्याला उत्तर न देणं ही साखर उतरल्याची लक्षणं असू शकतात. त्याला एकट्याला पाणी प्यायला पाठवू नका.
- शुद्धीत असेल तर कागदावर लिहिल्याप्रमाणे साखर किंवा ग्लुकोज द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, लगेच दवाखाना गाठा.
- वर्गात खाणं, तपासणं, इन्सुलिन घेणं याला आडकाठी नको.
- खेळाचा तास किंवा सराव झाला की पालकांना एका ओळीचा निरोप द्या. वेळेसकट.

शेवटचा मुद्दा साधा वाटेल, पण कुठल्याही यंत्रात तो रकाना आपोआप भरला जात नाही. आमच्या मुलाच्या खेळाच्या शिक्षकांनी तो न चुकता भरला. चौथ्या रकान्यातला बराचसा मजकूर त्यांच्या निरोपांवरूनच लिहिला होता.