वाकत नसलेले बोट

धाकट्या भावाला कारखान्यात पत्रा लागला. बोटाच्या मुळाशी टाके पडले, जखम भरली. पण बोट वाकेना. घरात शिकलेला मीच. मीच म्हणालो, "सूज उतरली की वाकेल." चार महिने गेले. आपण जिला शीर म्हणतो, ती कंडरा तुटून टोके मागे सरकली होती. आता ती सांधता येईना. सर्जननी आधी सिलिकॉनची कांडी बसवली. तीन महिन्यांनी, तिने तयार केलेल्या वाटेतून मनगटाकडची कंडरा ओवली. मग कित्येक आठवडे व्यायाम. परवा विहारात त्याने मेणबत्ती मुठीत धरली. बोट पुरते मिटत नाही. ती उणीव माझ्या सल्ल्याची. बंधू-भगिनींनो, कापलेले बोट वाकत नसेल, तर त्याच दिवशी मोठे इस्पितळ गाठा. जयभीम!