एका वेळी एकच कायदा

मुलुंडमधले आम्ही पाच जण महिन्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी, एकाच गोष्टीवर भांडतो: या महिन्यात लोकांना कोणता कायदा सांगायचा? सरकारी मसुदा, महापालिकेची सूचना, नियमातला बदल, यातलं काहीतरी एक निवडायचं, साध्या मराठीत एका पानात बसवायचं आणि आसपासच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं. एकच, कारण दोन टाकले की लोक एकही वाचत नाहीत.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे पहिल्याच महिन्यात एक्सेल शीट बनवली. तीन रकाने. हरकतींची मुदत अजून शिल्लक आहे का? निर्णय नेमका कोण घेणार? सामान्य माणसाला दहा मिनिटांत काही करता येईल का?

पहिला रकाना सगळ्यात निर्दय. विकास आराखड्यातलं आरक्षण एमआरटीपी कायद्याच्या कलम 37 खाली बदलायचं असेल, तर हरकतींसाठी एक महिना मिळतो. झाड तोडायला परवानगी हवी असेल, तर 1975 च्या वृक्ष कायद्यानुसार वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि त्या झाडावरही नोटीस चिकटवावी लागते. स्टेशनकडे धावताना आपण तो कागद वाचतो का? आपल्याला ती कुठल्यातरी क्लासची जाहिरात वाटते.

"हरकती पाठवून होतं काय?" हे तर दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. याचं एका वाक्यात उत्तर नाही. 2015 मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा आला. त्यातल्या चुकांवरून इतका गदारोळ झाला, की एप्रिलमध्ये सरकारने तो नव्याने करायला सांगितलं. जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे 12 हजारांहून अधिक सूचना आणि हरकती गेल्या. जुलै 2025 मध्ये विधेयक मंजूर झालंच, पण त्यातले काही शब्द बदलून. आणि आरे? तिथेही हजारो हरकती गेल्या होत्या. 4 ऑक्टोबर 2019 ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालल्या. म्हणजे हमी कसलीच नाही. पण वेळेत नोंदवलेली हरकत फाइलमध्ये राहते. फॉरवर्ड केलेला संताप दुसऱ्या दिवशी स्क्रोलमध्ये वाहून जातो.

खरा वाद वेगळाच आहे. माझ्या तीन रकान्यांवर सोसायटी पुनर्विकास दर महिन्याला पहिला आला असता. आमचे वाचकच फ्लॅटवाले. स्टेशनबाहेर मेथीच्या जुड्या लावून बसणाऱ्या मावशी आमच्या ग्रुपमध्ये नाहीत. म्हणून मी चौथा रकाना घातला: ज्याच्या पोटावर परिणाम होणार, तो हे वाचणाऱ्यांत आहे का? नसेल तर जास्त गुण.

त्या महिन्यात आम्ही 2014 चा पथविक्रेता कायदा निवडला. हा कायदा फेरीवाल्यांना नुसतं हटवण्याबद्दल नाही. कुठे बसायचं, कुठे नाही, हे ठरवण्यात नगर पथविक्रेता समितीचं म्हणणं महत्त्वाचं असतं आणि तिच्यात किमान 40 टक्के प्रतिनिधी खुद्द पथविक्रेत्यांचे असावे लागतात. मुंबईत त्यांच्यासाठी मतदान झालं 29 ऑगस्ट 2024 ला, कायदा येऊन दहा वर्षं झाल्यावर. मतदार यादीत नावं होती सुमारे 32 हजार. आपल्या एका स्टेशनबाहेरची गर्दी आठवा आणि हा आकडा पुन्हा वाचा.

"आपले लोक चिडतील," असं आमच्यातला एक जण म्हणाला होता. चिडलेच. दोघे ग्रुप सोडून गेले. एका काकांचा रात्री दहाला फोन आला: "तुम्ही फेरीवाल्यांची वकिली कधीपासून सुरू केलीत? आम्ही फुटपाथवरून चालायचं कसं?"

त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. रस्त्यावर उतरून रिक्षांच्या मधून वाट काढणं त्यांना जमत नाही. मी एवढंच सांगितलं, की याच समितीत रहिवासी संघांच्या प्रतिनिधींनाही जागा असते. फुटपाथचं म्हणणं तिथे मांडता येतं, मेथीवाल्या मावशींच्या प्रतिनिधीसमोर बसून.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग काका म्हणाले, "तो प्रतिनिधी नेमतात कसा? ते लिहिलं नाहीत तुम्ही."

पुढच्या महिन्याचा विषय शीट न उघडताच ठरला.